कापसाचा खोकला

पिंजाऱ्याच्या घरात खोकल्याकडं कुणी मान वळवून बघत नाही. मशीन सुरू झालं की कापसाची धूळ उडते, नाकातोंडात जाते आणि माणूस खोकतो. सुताराच्या हाताला घट्टे पडतात, तसंच हे. कळंबच्या इस्माईलभाईंच्या घरात तीन पिढ्या अशाच खोकत आल्या होत्या. जरिना लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा सुरुवातीचे महिने तीही खोकली. सासू म्हणाली, "आता तू ह्या घरची झालीस." जरिनाला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं.

इस्माईलभाईंचा आजारही त्यामुळंच लपून राहिला. म्हातारा दसऱ्यापासून खोकत होता, वाळत चालला होता, पण वाळलेली म्हातारी माणसं काय, गावात पारावर रांगेनं बसलेली असतात. आजार सापडला भलत्याच कारणानं. मोतीबिंदू काढायला त्यांना बारामतीला नेलं, ऑपरेशनच्या आधी छातीचा फोटो काढला, आणि डॉक्टरांनी डोळा ठेवला बाजूला आणि म्हाताऱ्याची थुंकी तपासायला पाठवली. टी.बी. निघाला. "डोळ्यातलं काढाया गेलो आन छातीतलं सापडलं," असं म्हणून इस्माईलभाई स्वतःच हसले आणि हसता हसता खोकत बसले.

त्यांचा मुलगा तौसिफ मात्र हसला नाही. भाजी माणूस घरी नेऊन धुतो, कापड धुतो. गादी कोण धुतं? गादीवर नवी नवरी झोपते, बाळंतीण झोपते, तान्हं मूल तोंड खुपसून झोपतं. टी.बी.वाल्याच्या हातची गादी कोण घरात घेईल? आधीच बारामतीच्या दुकानांतल्या फोमच्या गाद्यांनी अर्धा धंदा खाल्ला होता. उरला होता तो लग्नसराईचा, कारण रुखवतात कापसाची गादी लागतेच.

"घराभायेर एक शबूद जायाचा न्हाय," तौसिफ बायकोला म्हणाला. "अब्बांना दमा हाय, एवढंच सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

जरिनानं मान डोलावली. नवऱ्याच्या धाकानं नव्हे. तिलाही तसंच वाटत होतं. तिनं स्वतः टी.बी.वाल्याच्या घरची उशी डोक्याखाली घेतली नसती.

पण सरकारी दवाखान्याला झाकली मूठ चालत नाही. म्हाताऱ्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ फोन आला. टी.बी.च्या कामावरची उत्कर्षा नावाची मुलगी होती, कोऱ्हाळ्याची. घरात लहान मुलं कोण कोण आहेत, असं विचारत होती. अंजुम पंधरा वर्षांची, नववीत. साद सात वर्षांचा. उत्कर्षा म्हणाली, मी उद्या घरी येते, मुलांना बघायला हवं. जरिनानं ओळखलं, सरकारी बाई दारात उभी राहिली की संध्याकाळपर्यंत गावभर होणार.

"नगा येऊ मॅडम," ती म्हणाली. "आमीच येतो बारामतीला, बाजारच्या दिशी. स्टँडवर भेटू."

एस.टी.त बसल्यावर तिनं दोन्ही पोरांना बजावलं. मॅडमपुढं मशीनचं नाव काढायचं नाही, कापसाचं काढायचं नाही. अब्बू काय करतात असं विचारलं तर टेंपो चालवतात म्हणायचं. ते काही खोटं नव्हतं. टेंपो होताच, त्यातच तर गाद्या जायच्या.

"आन दादा काय करतात म्हनून इचारलं तर?" अंजुमनं आजोबांबद्दल विचारलं.

"खोकत्यात म्हनून सांग," जरिना वैतागून म्हणाली, आणि अंजुम तोंडावर ओढणी धरून हसली. हसणारी पोर होती ती. हात मात्र शहाण्या बाईचा होता. तिनं गादीला घातलेला टाका एका ओळीत जायचा आणि कापसात असा रुतायचा की शोधून सापडू नये.

उत्कर्षा स्टँडच्या बाकड्यावर त्यांची वाट बघत बसली होती. तिनं सादला जवळ घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. घरात टी.बी.चा माणूस असला की त्याचे जंतू मुलांच्या अंगात जातात. बरेचदा ते तिथं नुसते झोपून राहतात. मूल खेळतं, जेवतं, त्याला काही होत नाही. पण जंतू कधी जागा होईल याचा नेम नसतो, आणि लहान मुलांत, वयात येणाऱ्या मुलांत तो लवकर जागा होतो. म्हणून तो झोपेत आहे तोवरच गोळीनं मारायचा. रोज एक गोळी, सहा महिने.

"पण आधी बघायला लागतं," ती म्हणाली, "की तो खरंच झोपलेला आहे. जागा असला तर ही गोळी चालत नाही, मग पूर्ण औषधं लागतात. ताप येतो का कुणाला?"

"न्हाय."

"रात्री घाम? वजन कमी झालंय?"

"न्हाय."

"खोकला?" हे तिनं अंजुमकडं बघून विचारलं.

अंजुमनं आईकडं बघितलं. तिला खोकला होता. पण तो कापसाचा होता, आणि कापसाचं नाव काढायचं नव्हतं.

"न्हाय," जरिना म्हणाली.

आता कुणी म्हणेल, बाई खोटं बोलली. तर तसंही नव्हतं. तिच्या लेखी खोकला म्हणजे आजाराचा खोकला. कापसाच्या खोकल्याला ती खोकला म्हणतच नव्हती. त्या घरात कुणीच म्हणत नव्हतं.

उत्कर्षा म्हणाली, दवाखाना इथंच आहे, दोघांच्या छातीचा फोटो काढून घेऊ. पण जरिनाचा जीव घड्याळात अडकला होता. घरी कुशाबाईची ऑर्डर पडली होती. गावातली वजनदार बाई. नातीचं सांगवीला लग्न होतं, चांगल्या पाच गाद्या आणि उशा हव्या होत्या. अंगणात बसून मशेरी लावत तिनं निक्षून सांगितलं होतं, "टाकं अंजुमनंच घालायचं. तिचा टाका अंगाला टोचत न्हाय." तेव्हा जरिनानं निमित्त काढलं, पुढच्या आठवड्यात येतो फोटोला, आज पोरीचा पेपर बुडेल. खोकला-ताप काहीच नाही म्हटल्यावर उत्कर्षानंही फार ताणलं नाही. तिनं गोळ्या दिल्या आणि फोटोला नक्की या म्हणून दोनदा बजावलं. नंतर तिचे फोनही आले. एकदा जरिनानं लग्नसराईचं कारण सांगितलं, एकदा उचललाच नाही.

गोळ्यांत मात्र तिनं कुचराई केली नाही. सकाळी चहाच्या आधी दोघांना चुलीपाशी बसवायची, गोळी हातावर ठेवायची, पाणी प्यायला लावायची आणि तोंड उघडून दाखवायला सांगायची. साद नाटकं करायचा. अंजुम त्याला म्हणायची, "झोपलेल्या भुताची गोळी हाय रं, घे, न्हायतर उठंल." एकही सकाळ चुकली नाही. जरिनाला त्याचा अभिमान होता. आपण लेकरांसाठी करण्यासारखं सगळं करतोय, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि हेच पुढं तिला सगळ्यात जास्त खायला उठलं.

रमजान आला. अंजुमनं सगळे रोजे धरायचा हट्ट धरला. गोळी पहाटे, सहेरीच्या जेवणाच्या वेळी सुरू झाली. पोर वाळली, तर जरिना म्हणाली रोज्यानं वाळली. अंगावर घाम यायचा, तर पत्र्याच्या घरात मार्चमध्ये घाम येणार नाही तर काय. संध्याकाळी अंग गरम लागायचं, तर दिवसभर पोटात पाणी नाही. प्रत्येक गोष्टीला घरातलंच एक कारण तयार होतं, आणि कारण हाताशी असलं की माणूस आजार शोधायला जात नाही.

ईदला तौसिफ मशीन बंद करायचा. वर्षात तेवढीच एक लांब सुट्टी. पत्र्याची शेड झाडून काढायची, पट्टे सैल करून ठेवायचे आणि चार-पाच दिवस बटणाला हात लावायचा नाही, हा बापाच्या वेळेपासूनचा रिवाज. त्या दिवसांत घराला वेगळीच शांतता यायची. धूळ बसली की घसे मोकळे व्हायचे आणि तौसिफसुद्धा खोकायचा थांबायचा.

ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे गेले होते आणि जरिना मागच्या दारी शीरखुर्म्याची भांडी घासत होती. तेवढ्यात खोकला ऐकू आला. अब्बांचा असेल म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. मग तिनं वर बघितलं. अब्बा तिच्या समोरच लिंबाखाली बसून लसूण सोलत होते. औषधं लागू पडून त्यांचा खोकला कधीच थांबला होता. अंगावर मांस धरलं होतं. त्यांनीही लसूण सोलायचं थांबवून शेडकडं मान वळवली होती.

जरिना राखेच्या हातांनीच शेडमध्ये गेली. कापसाच्या गाठोड्यांच्या मागं, कोपऱ्यात, अंजुम बसली होती. तोंडात ओढणीचा बोळा धरून खोकत होती, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"अम्मी," ती म्हणाली, "मशीन बंद हाय तरीबी येतोय गं."

जरिनानं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. कुडता ओला होता आणि आत अंग पोळत होतं. पाठीचा एकेक मणका हाताला लागत होता. रोज डोळ्यांसमोर असलेली पोर तिनं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बघितली.

"कवापास्नं?"

"दादांच्या बरुबरच," अंजुम म्हणाली. "मला वाटलं कापसाचाच हाय."

तौसिफ लगेच निघाला, त्याला दोष देऊन चालणार नाही. टेंपो काढला, पोरीला पुढं बसवलं, तासाभरात बारामतीत आला. पण टेंपोवर मोठ्या लाल अक्षरांत इस्माईल गादी कारखाना, कळंब असं लिहिलं होतं. तो टेंपो त्यानं दवाखान्याच्या फाटकात नेला नाही. लांब, मंडईच्या मागं उभा केला आणि तिथून तापलेल्या पोरीला चालवत नेलं. अर्ध्या वाटेत अंजुम एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेना. तेव्हा बापानं तिला उचललं. ती कापसाच्या गाठोड्यासारखी हलकी लागली.

फोटोत दोन्ही फुप्फुसं खराब निघाली. डॉक्टर तरुण होता. त्यानं सगळं शांतपणे सांगितलं. ती गोळी झोपलेल्या जंतूसाठी असते. हिचा जंतू जागा होता, बहुतेक पहिल्यापासूनच. जाग्या जंतूवर एकाच वेळी चार औषधं सोडावी लागतात. एकटं एकच औषध रोज देत गेलं की तो त्या औषधाला पचवायला शिकतो. आता त्या औषधाचा हिला उपयोग नाही. दुसरी औषधं द्यावी लागतील, पुण्याला न्यावं लागेल.

"हिला खोकला नव्हता असं तुम्ही सांगितलं होतं ना?"

"कापसाचा व्हता, सायेब," जरिना म्हणाली.

डॉक्टर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं.

पुण्यात काय झालं ते लांबवून सांगण्यासारखं नाही. अंजुमनं औषधं निमूटपणे घेतली. उलट्या व्हायच्या, पुन्हा घ्यायची. जरिना उशाशी बसून असायची. एकदा अंजुमनं विचारलं, "कुशाबाईच्या नातीचं लगीन झालं का गं? गाद्या आवडल्या का तिला?" जरिना म्हणाली, "लई आवडल्या." मे महिन्यात एका सकाळी पोरीला रक्ताची गुळणी आली, मग दुसरी आली, आणि डॉक्टर धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. पंधरा वर्षांची पोर. सोळा पुरी व्हायची होती.

दफन करून पुरुष परत आले तेव्हा तौसिफ लोकांना सांगत होता, कावीळ झाली होती, पोटात उतरली. जरिना आतल्या खोलीत बायकांमध्ये बसून ते ऐकत होती. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, पण हा माणूस पोरीला मातीत ठेवून आल्यावरही टोपली सोडायला तयार नव्हता. तिला त्याचा राग आला, आणि दया पण आली. काविळीबद्दल कुणी खोदून विचारलं नाही आणि धंदा शाबूत राहिला. इस्माईलभाई मात्र गोळ्या घेईनात. "मला कशापायी जगीवता?" म्हणायचे. जरिना त्यांच्या हातावर गोळी आपटायची आणि म्हणायची, "घ्या. तिला झालं ते तुमच्यापास्नं. आता सादला होऊ नगा देऊ." म्हातारा रडत रडत गोळी गिळायचा. बोलायला नको होतं ते ती बोलली, पण तिच्याकडं त्या दिवसांत गोड काही उरलंच नव्हतं.

उत्कर्षा घरी आली ती त्यानंतर. या वेळी तिनं विचारलं नाही; स्कूटी सरळ दारात लावली. अंजुमच्या जंतूवर जुनी गोळी चालत नव्हती, म्हणून सादची गोळी बदलायची होती. तिनं सादला तपासलं; त्याच्या छातीचा फोटो तर तौसिफनं आधीच बारामतीहून काढून आणला होता. फोटो स्वच्छ होता. साद बरा होता.

अंगणात गाद्यांचा ढीग पडला होता. जरिनानं सगळ्या उसवल्या होत्या, कापूस बाहेर काढला होता आणि त्यावर रॉकेलचा डबा ठेवला होता.

"हे काय चाललंय?" उत्कर्षानं विचारलं.

"जाळायच्यात. अंजुमनं शिवल्याल्या हायती." जरिना खाली बघूनच बोलत होती. "आन मॅडम, तुमाला एक सांगते. आमचा गाद्यांचा धंदा हाय. तुमच्यापास्नं लपीवलं. अब्बांनी पिंजल्याला कापूस, अंजुमनं शिवल्याल्या गाद्या, समद्या गावात गेल्यात. कुशाबाईची नात सांगवीत त्याच गादीवर निजतीया. नवी नवरी हाय. मला तिचं तोंड सारखं डोळ्यापुढं येतंय. तिला आदी गोळ्या द्या. काय व्हायचं ते हू द्या आमच्या धंद्याचं, मी आज कुशाबाईकडं जाणार हाय."

उत्कर्षानं आधी रॉकेलचा डबा उचलून बाजूला ठेवला.

"जरिनाताई," ती म्हणाली, "गादीनं नाही होत."

"काय?"

"टी.बी. गादीतून होत नाही. कापसातून नाही, उशीतून नाही, कपड्यांतून नाही. आजारी माणूस खोकतो ना, त्या हवेतून होतो. बंद खोलीत, रोज त्याच्या सोबत राहून. कुशाबाईच्या नातीला काही होणार नाही त्यानं."

"कापसात ऱ्हात न्हाय?"

"नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आणि विचारायला तर कुणाला जायचं? विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

जरिना त्या उसवलेल्या कापसावरच बसली. इतके महिने तिला वाटत होतं की तिनं तराजू धरला होता. एका पारड्यात पोर आणि दुसऱ्यात घरादाराची भाकरी. गरिबाला असं तोलावंच लागतं, असं म्हणून ती मनाची समजूत घालत होती. दुसऱ्या पारड्यात काही नव्हतंच. स्टँडवर त्या बाकड्यावर एकदा कापूस म्हणाली असती तर त्याच दुपारी फोटो निघाला असता, पोर औषधं खाऊन आज शाळेत गेली असती आणि गाद्याही विकल्या गेल्या असत्या.

शेडच्या दारात तौसिफ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"गादीनं होत न्हाय?" त्यानं विचारलं. उत्कर्षा नाही म्हणाली. त्यानं पुन्हा तेच विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. मग तो वळून आत गेला, दार ओढून घेतलं आणि मशीनचं बटण दाबलं. आत कापूस नव्हता. मशीन रिकामंच फिरत राहिलं, पत्रे थरथरायला लागले, शेजारच्या अंगणातल्या बायका वर बघून पुन्हा कामाला लागल्या. त्यांना वाटलं, तौसिफभाईंनी काम सुरू केलं.

जरिना उठली. दार ढकलून आत गेली. तो मशीनच्या कडेला खाली बसून, तोंड उघडं टाकून रडत होता आणि मशीनच्या गोंगाटात त्याचा आवाज काही येत नव्हता. तिनं बटण बंद केलं. पट्टा थांबेपर्यंत वाट बघितली. नंतर त्याचं रडणं आळीभर ऐकू गेलं. तो उठून पुन्हा बटणाकडं हात न्यायला लागला, तेव्हा तिनं तो हात धरून ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ऐकू द्या लोकास्नी."